अ‍ॅम्पच्या पाठीमागचं रिकामं सॉकेट

गेल्या अंकात घरच्या रेडिओबद्दल चार ओळी काय लिहिल्या, सॅटेलाइट रेडिओवरच, म्हणजे थेट उपग्रहावरून येणाऱ्या रेडिओवर, पत्रांचा ढीग आला. सगळी छापणं शक्य नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत, लांबलेली पत्रं थोडी कापलीयेत, आणि टोपणनावं ज्याची त्याने दिलेली आहेत, मला दोष देऊ नका.

प्रश्न: दादा, माझ्या आतेभावाने अमेरिकेतून परत येताना त्याचा जुना एव्ही रिसीव्हर (टीव्ही, स्पीकर सगळं जोडायचा मोठा अ‍ॅम्प) मला देऊन टाकला. वजनाला दगड आहे पण आवाज काय सांगू! मागच्या बाजूला एक बारकं सॉकेट आहे, त्यावर एक्सएम असं लिहिलंय, रिमोटवर पण एक्सएमचं बटण आहे, दाबलं की डिस्प्लेवर अँटेना तपासा अशा अर्थाचं काहीतरी येतं. भाऊ म्हणतो हा सॅटेलाइट रेडिओ आहे, त्याने तिकडे कधी वापरला नाही. गच्चीवर कुठली अँटेना लावली तर चालू होईल? – ढोलबजाव

उत्तर: ढोलबजाव, कुठलीही लावा, नाही होणार. पण त्या सॉकेटची गोष्ट मजेशीर आहे, ती सांगतो.

अमेरिकेत सॅटेलाइट रेडिओच्या दोन कंपन्या होत्या, एक्सएम आणि सिरियस. एक्सएम २५ सप्टेंबर २००१ ला सुरू झाली, सिरियस फेब्रुवारी २००२ मध्ये. दोघींचं गिऱ्हाईक म्हणजे गाडीवाला माणूस. तिकडे लोक तास तास गाडी चालवतात, एका शहराचं एफएम मागे पडलं की खरखर सुरू, त्यावर हा उपाय, देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच चॅनल. आता गाडीत सवय लागली की माणूस घरी आल्यावरपण तेच मागणार ना. म्हणून मग आधी असे छोटे डबे आले जे गाडीतून उपटून घरच्या डॉकमध्ये खोचायचे, डेल्फी कंपनीचा स्कायफाय नावाचा एक होता, तो तर एका बूमबॉक्समध्येही बसायचा. तेवढ्यावर हायफायवाली मंडळी कुठली खूश होणार, त्यांना रॅकमध्ये शोभेल असं काहीतरी पाहिजे. तिथे ऑडिओ कंपन्या उतरल्या. बाल्टिमोरची पोल्क ऑडिओ, १९७२ पासून स्पीकर बनवणारी, तिने घरच्या सिस्टीमला जोडायचा अख्खा वेगळा एक्सएम ट्यूनर, म्हणजे स्टेशन पकडणारा डबा, काढला, एक्सआरटी-१२ नावाचा. मग यामाहा, डेनॉन, ओन्क्यो, पायोनियर यांच्या रिसीव्हरच्या पाठीवर ती सॉकेटं दिसायला लागली.

गंमत पुढेच आहे. तुमच्या त्या सॉकेटच्या आत ट्यूनर नाहीये! खोक्यावर मोठ्या अक्षरात 'एक्सएम रेडी' छापलेलं असायचं आणि लोकांना वाटायचं घरी नेऊन लावलं की वाजणार. रेडी म्हणजे फक्त सॉकेट तयार आहे, बाकीचं तुम्ही आणा. खरा ट्यूनर त्या वेगळ्या विकत घ्यायच्या अँटेनाच्या डबीत असायचा, नंतर मग काडेपेटीसारखा एक मिनी ट्यूनर आला तो डॉकमध्ये बसवायचा. त्या डबीचा एक नंबर असायचा, तो कंपनीला कळवायचा, महिन्याचे पैसे भरायचे (२००५ मध्ये १२.९५ डॉलर), मग कुठे वरून तुमच्या नंबराच्या नावाने कुलूप उघडायचं. म्हणजे रिसीव्हर बनवणाऱ्या कंपनीचा खर्च किती, तर एक सॉकेट, थोडं सॉफ्टवेअर आणि रिमोटवर एक बटण. जाहिरातीत मात्र पहिल्या ओळीत सॅटेलाइट रेडिओ. मी त्यांना नावं ठेवत नाही, धंदा आहे, पण तुमच्या भावासारखे कित्येक लोक असणार ज्यांनी त्या सॉकेटकडे बघून रिसीव्हर घेतला आणि सॉकेट कोरंच राहिलं.

आता इथे का चालणार नाही. एक्सएमचे पहिले दोन उपग्रह विषुववृत्तावर ८५ आणि ११५ अंश पश्चिम रेखांशाला होते. आपण ७३-७४ अंश पूर्वेला. हिशोब करा, पृथ्वीच्या जवळजवळ पलीकडच्या बाजूला आले ते. अँटेना लावायचीच तर गच्चीवर नको, फरशी फोडून खाली तोंड करून लावावी लागेल! शिवाय त्यांचा झोत अमेरिका-कॅनडाच्या बाजूलाच रोखलेला.

दोन गोष्टी विचारल्या नाहीत तरी सांगतो, कारण त्यात पैसे जातील. एक, मागे व्होल्टेज काय लिहिलंय ते आज बघा. तिकडचा माल १२० व्होल्टचा, आपल्याकडे २३०. तुम्ही वाजवलाय म्हणता म्हणजे कुणीतरी कन्व्हर्टर लावलेला असणार, पण तो बारका प्रवासी कन्व्हर्टर असेल तर काढून टाका, रिसीव्हर किती वॅट खातो ते बघून त्याच्या दीडपट तरी ताकदीचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या. दुसरं, त्यातला एएम ट्यूनर दहा-दहा किलोहर्ट्झच्या उडीने पुढे सरकतो, आपल्याकडची स्टेशनं नऊच्या हिशोबात. म्हणजे पुणे आकाशवाणी ७९२ वर आणि तुमचा डिस्प्ले ७९० वरून टुणकन ८०० वर. काही मॉडेलमध्ये ९ आणि १० मध्ये बदल करायची सोय असते, मॅन्युअल शोधून बघा. तसंच एफएमचं, तिकडे ९१.१, ९१.३ अशी फक्त विषम आकड्यांची स्टेशनं, त्यामुळे तुमच्या गावचं स्टेशन सम आकड्यावर असेल तर ते मधेच राहून जातं.

प्रश्न: सॅटेलाइट रेडिओचा आवाज सीडीसारखा असतो असं त्या काळात सगळीकडे लिहून यायचं. खरंच होता का? माझा एक मित्र अजून शपथेवर सांगतो. – कानसेन

उत्तर: मित्राला शपथ मागे घ्यायला सांगा.

आवाजात खरखर नसायची, हे खरं. एफएम ऐकून ऐकून कान किटलेल्या माणसाला ती शांतताच सीडीसारखी वाटायची. पण आकडे बघा. अमेरिकेत या दोघींना मिळून २३२० ते २३४५ मेगाहर्ट्झ एवढा पट्टा, म्हणजे प्रत्येकीला साडेबारा मेगाहर्ट्झ, १९९७ च्या लिलावात आठ-आठ, नऊ-नऊ कोटी डॉलर मोजून घेतलेला. एवढ्या जागेत एकच गोष्ट उपग्रहावरून दोनदा आणि जमिनीवरच्या टॉवरवरून तिसऱ्यांदा पाठवायची. हे सगळं वजा जाता एक्सएमच्या हातात खऱ्या कामाचे सेकंदाला साधारण ४ मेगाबिट उरायचे. सीडीच्या एका गाण्याला सेकंदाला १.४ मेगाबिट लागतात. म्हणजे सीडीच्या दर्जाने वाजवायचं तर दोन चॅनल नीट बसली असती आणि तिसरं दाराशी उभं! आणि यांना वाजवायची होती शंभरच्या वर. मग चॅनलमागे सरासरी चाळीस किलोबिट. गाणं दाबून दाबून बसवायचं, एक्सएम त्यासाठी एएसी प्लस वापरायची, सिरियसचं पीएसी नावाचं वेगळं तंत्र. बोलण्याच्या चॅनलला आणखी कमी देऊन तेवढे संगीताला वळवायचे.

गाडीत काय होतं, इंजिनाचा आवाज, टायरचा आवाज, खिडकीतून वारा, त्यात हे दाबलेलं गाणं छान खपून जातं. घरात आणलं, चांगल्या स्पीकरला जोडलं, रात्री दहानंतर ऐकायला बसलात की उघडं पडतं. झांज ऐका, झांज. झांजेचा तो झणत्कार हवेत विरत जायला पाहिजे, त्याऐवजी पाण्यात बुडाल्यासारखी चुळबुळ करते. टाळ्यांचंही तेच, टाळ्या न वाटता कढईत काहीतरी तळतंय असं वाटतं. म्हणून मला तो महागातला होम ट्यूनर हा प्रकारच थोडा विनोदी वाटतो, म्हणजे गाडीत झाकलेलं व्यंग घरी आणून भिंगाखाली धरायचं. तरी लोक घ्यायचे, आणि का घ्यायचे तेही कळतं मला. कुणीतरी जाणकार माणूस बसून एकामागून एक गाणी लावतोय, मधे जाहिराती नाहीत, तुम्ही नुसतं ऐकायचं. त्या निवडीचे पैसे होते ते.

प्रश्न: घरात भिंतींमधून एफएम येतं, मोबाइल चालतो, मग सॅटेलाइट रेडिओलाच खिडकीत अँटेना का लागायची? आणि आमच्या डिश टीव्हीसारखा पाऊस आला की हा पण गप्प होतो का? – चौकस

उत्तर: एफएमचा टॉवर तुमच्यापासून पाच-पंधरा किलोमीटरवर असतो आणि किलोवॅटच्या जोराने ओरडत असतो. उपग्रह ३५,७८६ किलोमीटर लांब. तिथून निघालेला सिग्नल देशभर पसरून तुमच्यापर्यंत येईतो इतका बारीक झालेला असतो की स्लॅब सोडाच, ओली झाडाची फांदी आडवी आली तरी अडखळतो. गाडी उघड्या आकाशाखाली असते म्हणून टपावरची बोटभर अँटेना पुरते. पूल, बोगदे, उंच इमारती यांच्यासाठी त्यांनी दोन युक्त्या केल्या. मोठ्या शहरात जमिनीवर रिपीटर, म्हणजे तोच सिग्नल पुन्हा सोडणारे टॉवर, उभारले. आणि एक्सएमने दोन उपग्रहांपैकी एकावरून तोच कार्यक्रम काही सेकंद उशिरा सोडला, म्हणजे पुलाखालून जाताना एकाचा तुकडा हरवला तर दुसऱ्याचा मागून येतोच आहे, रेडिओ आतल्या आत ठिगळ लावून देतो, तुम्हाला पत्ता लागत नाही.

पण घर काही पुलाखालून बाहेर येत नाही! ते कायम पुलाखालीच. त्यामुळे तिकडेही घरच्या सेटला लांब वायरची अँटेना द्यायची, ती दक्षिणेच्या खिडकीशी ठेवायची (उपग्रह विषुववृत्तावर, म्हणून त्यांना दक्षिणेला), आणि फ्लॅटला दक्षिणेची खिडकीच नसेल तर नशीब. मोठ्या शहरातल्या बऱ्याच जणांचं घरातलं ऐकणं उपग्रहाच्या नाही, त्या रिपीटरच्या जिवावर चालायचं. सिरियसची सुरुवातीची रचना वेगळी होती, तीन उपग्रह लांबट कक्षेत, प्रत्येक जण दिवसातले सोळा तास उत्तरेकडे आणि आठ तास दक्षिणेकडे, त्यामुळे वर बघितलं तर कुणीतरी बऱ्यापैकी डोक्यावर असायचंच. त्यांची अँटेना मग आकाशाकडे तोंड करून ठेवायची.

पावसाचं म्हणाल तर, नाही, फारसा त्रास नाही. तुमची डिश केयू बँडवर चालते, ११-१२ हजार मेगाहर्ट्झच्या आसपास, तिथे पावसाचे थेंब सिग्नल गिळून टाकतात. सॅटेलाइट रेडिओ दीड ते अडीच हजारात, तिथे पाऊस जवळजवळ दिसतच नाही. झाडाची पानं मात्र दिसतात, ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न: नमस्कार. माझ्याकडे वर्ल्डस्पेसचा सेट आणि ती चौकोनी अँटेना अजून जपून ठेवली आहे. आमच्या यांना शास्त्रीय संगीताचं वेड, रोज पहाटे गंधर्व चॅनल लागायचं. आता ते नाहीत. सेट चालू होतो, दिवा लागतो, पण काही येत नाही. पुन्हा कधी सुरू व्हायची शक्यता आहे का? नसेल तर या सेटचं काय करावं? – भूपाळी

उत्तर: ताई, पुन्हा सुरू होण्याची वाट बघू नका. भारतातली ती सेवा ३१ डिसेंबर २००९ ला बंद झाली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, अमेरिकेतल्या दोघींच्याही आधी सुरू झालेली सेवा ही. नोआ समारा नावाच्या इथिओपियात जन्मलेल्या माणसाने १९९० मध्ये वर्ल्डस्पेस काढली, आफ्रिकेत आणि आशियात जिथे साधं स्टेशन पोचत नाही तिथे रेडिओ पोचवायचा म्हणून. तिचा आफ्रिस्टार उपग्रह ऑक्टोबर १९९८ मध्ये वर गेला, आपल्यासाठीचा एशियास्टार मार्च २००० मध्ये. सुरुवातीचे सेट हिताची, सान्यो, पॅनासॉनिक, जेव्हीसी यांचे. आणि हा गाडीचा नव्हता बरं का, घरात ठेवून ऐकायचा होता, निदान आपल्याकडे तरी. गंधर्व हिंदुस्तानीसाठी, श्रुती कर्नाटकीसाठी, जुन्या हिंदी गाण्यांसाठी फरिश्ता. ए. आर. रहमान जाहिरातीत होते, त्यांनीच त्याची धूनही केली होती. ऑक्टोबर २००८ मध्ये कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला आणि पुढच्या वर्षअखेर इथला पडदा पडला. गंमत अशी की तेव्हा तिचे बहुतेक ग्राहक भारतातच होते, चार लाखांच्या वर. अमेरिकेतल्या दोघीपण त्याच सुमारास दमल्या होत्या, जुलै २००८ मध्ये त्या एक होऊन सिरियस एक्सएम झाल्या म्हणून टिकल्या.

माझ्याकडेही होता एक. एशियास्टार १०५ अंश पूर्वेला, म्हणजे आपल्या बाजूने पूर्व आणि आग्नेय यांच्या मधे, आकाशात साधारण अर्ध्यावर. खिडकीच्या ग्रिलला मी अँटेना सुतळीने बांधली होती, डिस्प्लेवरच्या सिग्नलच्या काड्या बघत बघत एकेक बोट सरकवायची, बायको आतून ओरडणार, आली, गेली, आली, तिथेच धर! थंडीभर झकास चाललं. मे संपता संपता गाणं तुटायला लागलं, सकाळी ठीक, वारा सुटला की तुकडे तुकडे. वायर बदलली, पिन बदलली, सेट उघडून बसलो. शेवटी एकदा अँटेनाच्या मागे डोकं नेऊन ती जिकडे बघते तिकडे बघितलं, तर समोरच्या गुलमोहराला पालवी फुटलेली! हिवाळ्यात तो खराटा होता तेव्हा त्याच्या फांद्यांमधून उपग्रह दिसत होता. अँटेना शेवटी वरच्या मजल्यावरच्यांच्या बाल्कनीत गेली आणि तिथून वायर खाली सोडली.

तुमच्या सेटचं सांगतो. त्यात एएम, एफएम, शॉर्टवेव्ह असेल तर तो भाग अजून चालेल, लावून बघा. काही सेटना ऑडिओ इन असतं, तिथे मोबाइलची वायर जोडता येते, म्हणजे पहाटे त्याच स्पीकरमधून राग ऐकू येईल. आकाशवाणीचं रागम् नावाचं चॅनल आहे, २६ जानेवारी २०१६ पासून, चोवीस तास फक्त शास्त्रीय, हिंदुस्तानी आणि कर्नाटकी दोन्ही. न्यूजऑनएअर अ‍ॅपवर फुकट मिळतं. अ‍ॅप घरातल्या कुणाकडून तरी घालून घ्या आणि वायर तेवढी सेटला जोडा. बॅटरीचे सेल आत विसरले असतील तर आधी काढा, गळून सगळं गंजवतात.

प्रश्न: दादा, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आपल्याकडची एखादी ऑडिओ कंपनी साउंडबारमध्ये सॅटेलाइट रेडिओ का नाही घालत? डिश टीव्ही चालतो तर हे का नाही चालणार? – सोल्डरिंग गन

उत्तर: घालेल काय, डोंबल? तू म्हणतोयस ते सॉकेट झालं. त्यात वाजणार काय? आपल्याकडे वर्ल्डस्पेसनंतर सॅटेलाइट रेडिओची सेवाच कुणी चालवत नाही. ट्रायने, म्हणजे सरकारच्या दूरसंचार नियामकाने, २००५ मध्ये यावर शिफारशी केल्या होत्या, गाडी तिथून पुढे फार सरकली नाही. उपग्रह सोडणं म्हणजे काय असतं ते बघायचं तर सिरियस एक्सएमचा एसएक्सएम-७ बघ. डिसेंबर २०२० मध्ये वर गेला, जानेवारीत तपासणी चालू असतानाच त्याचा मुख्य भाग निकामी. साडेबावीस कोटी डॉलरचा विमा होता म्हणून निभावलं. त्याआधी एक्सएमचे पहिले दोन, त्यांची नावं रॉक आणि रोल, त्यांच्या सोलर पॅनेलमध्ये खोट निघाली आणि ठरल्यापेक्षा फार आधी ऱ्हिदम आणि ब्लूज वर पाठवावे लागले. (नावं ठेवायला कुणीतरी रसिक बसला होता तिथे.) हा खर्च तीन कोटींच्या वर लोक महिन्याला पैसे भरतात म्हणून निघतो, आणि ते भरतात कारण तिकडे नवीन गाडीत हा रेडिओ कारखान्यातूनच बसून येतो. घरी मात्र आता तेही लोक बहुतेक इंटरनेटवरूनच ऐकतात, ते सॉकेट नव्या रिसीव्हरवरून केव्हाच गेलं. जपान आणि कोरियाने पण करून बघितलं, मोबाइलवर उपग्रहातून, दोन्ही बंद.

आणि मित्रा, डिश टीव्ही चालतो ना? मग त्यात रेडिओ आहेच की, खाली वाच. तुझ्यासारख्याने प्रोजेक्ट करावं असा आहे तो.

प्रश्न: आमच्याकडे डीडी फ्री डिश आहे, त्यात रेडिओचे चॅनल दिसतात. पण त्यासाठी टीव्ही चालू ठेवायला लागतो, काळ्या पडद्यावर नुसतं नाव. टीव्ही बंद ठेवून हे स्टिरिओवर ऐकता येईल का? – विविधभारतीवाले आजोबा

उत्तर: आजोबा, येईल, आणि माझ्या मते आज घरबसल्या फुकट सॅटेलाइट रेडिओ हवा तर हाच एक रस्ता. फ्री डिश डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस नावाने सुरू झाली, आता जीसॅट-१५ वरून येते, त्यावर आकाशवाणीची चाळीसच्या वर चॅनल्स आहेत, वर्गणी शून्य. लोक डिश लावतात ती सिनेमे बघायला, रेडिओचं बटण कुणी दाबतच नाही.

सेट टॉप बॉक्सच्या मागे लाल आणि पांढरी पिन जाते ती दोन भोकं असतील, तो ऑडिओ आउट. तिथून तशाच लाल-पांढऱ्या पिनांची साधी आरसीए वायर स्टिरिओच्या ऑक्समध्ये, म्हणजे बाहेरचा आवाज आत घ्यायच्या भोकात. काही नव्या छोट्या बॉक्सना तीन रंगांची एकच बारीक पिन असते, त्याची वायर वेगळी मिळते, बॉक्सबरोबर आलेली असेल तर तीच वापरा कारण त्यातही जोडणीचे दोन-तीन प्रकार आहेत आणि चुकीची लावली की एका बाजूने आवाज येतो आणि दुसऱ्या बाजूने चित्राची घुरघुर. आता टीव्ही एकदाच लावा, रिमोटवरचं टीव्ही-रेडिओ असं बटण दाबा, आवडती चॅनल फेव्हरिटमध्ये घाला, आणि त्यांचे नंबर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून बॉक्सला चिकटवा. पुढे टीव्ही बंद. नंबर दाबला की आवाज स्टिरिओतून. बऱ्याच बॉक्सच्या तोंडावर नंबर दिसतो, त्यामुळे पडद्यावाचून अडत नाही.

मी हे जोडलं तेव्हा पहिल्याच दिवशी स्पीकरमधून मधमाश्यांसारखा गुंऽऽ आवाज. दोन दिवस घालवले. आधी पिनांवर संशय, मग वायरवर. शेवटी डिशची केबल बॉक्समधून काढली तर आवाज बंद, म्हणजे गच्चीवरच्या डिशच्या लोखंडी पाइपातून आणि घरच्या अर्थिंगमधून मिळून एक वळसा तयार झाला होता. बॉक्स आणि अ‍ॅम्प एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घेतल्यावर गुणगुण निम्मी झाली, बाकीची बॉक्स आणि अ‍ॅम्प यांच्यामधे छोटा ऑडिओ आयसोलेटर (आवाज जाऊ देतो पण तो वळसा तोडतो अशी डबी) घातल्यावर गेली. अ‍ॅम्पची अर्थची पिन कापू नका, कुणी इलेक्ट्रिशियनने सांगितलं तरी.

जोराचा पाऊस आला की हे बंद पडणार, वर चौकस यांना सांगितलंय का ते. आणि याच्या पिपपिपवर घड्याळ लावू नका. सिग्नल वर जाऊन खाली यायलाच पाव सेकंद, त्यात डिजिटलची गुंडाळणी-उलगडणी, साध्या रेडिओच्या दोन-चार सेकंद मागे असतं हे. शेजारी एएमवर क्रिकेट ऐकत असेल तर विकेट तुम्हाला त्याच्या ओरडण्यावरूनच आधी कळेल.

प्रश्न: एवढं सगळं करण्यापेक्षा मोबाइल ब्लूटूथला जोडून ऐकलं तर काय बिघडलं? – आळशी

उत्तर: काही नाही बिघडलं. फक्त मधेच फोन आला की तान अर्ध्यात तुटते आणि स्पीकरमधून मामाचा आवाज येतो. जुना सिम नसलेला फोन असेल तर तो कायमचा स्टिरिओला वायरने जोडून ठेवा.

प्रश्न: ढोलबजावचा धाकटा भाऊ बोलतोय. दादाने पत्र पाठवलं तेव्हाच मी रिसीव्हर उघडून बघितला, एक्सएमच्या सॉकेटमागे एक छोटा बोर्ड आहे. तो काढून त्या जागी ब्लूटूथचा बोर्ड बसवू का?

उत्तर: काढू नकोस, तो बोर्ड मेन बोर्डशी बोलत असतो, नसला तर काही मॉडेल चालू व्हायलाच नाही म्हणतात. ब्लूटूथचा वेगळा डबा बाहेरून ऑक्सला लाव. आणि झाकण उघडलंच आहेस तर मऊ ब्रशने धूळ काढ, पण आधी प्लग काढून निदान अर्धा तास थांब, त्या दोन मोठ्या कपॅसिटरना हात लावायचा नाही.